विषाणूची वंशपरीक्षा

हेपॅटायटिस सी या यकृतविकाराने ग्रस्त झालेला रुग्ण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरांपुढे बसला, म्हणजे त्याच्या वयापेक्षा, प्रकृतीपेक्षा आणि कित्येकदा त्याच्या ऐपतीपेक्षाही ज्या एका गोष्टीवर त्याचे भवितव्य अधिक अवलंबून असे, ती गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालात छापलेला, एक ते सहा यांपैकी कोणता तरी एक आकडा. तो दोन किंवा तीन असला, तर सहा महिन्यांचे उपचार आणि बरे होण्याची पाचांत चार इतकी आशा. तो एक असला, तर वर्षभराचे उपचार आणि आशा मात्र निम्म्याच्या आसपास. रोगाचे नाव तेच, वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता यकृत पोखरण्याची रीतही तीच. आणि तरीही विषाणूच्या कुळातील भेदामुळे दोन रुग्णांच्या वाट्याला इतके भिन्न प्राक्तन यावे, ही वैद्यकाच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट होय. ज्या परीक्षेने हा भेद उघड केला, जिने पाव शतक उपचारांची मुदत ठरवली, आणि आज जिची सक्ती जगभर सैल होत चालली आहे, तिची हकीकत सामान्य वाचकानेही जाणून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

या विषाणूचा शोधच मुळी अपूर्व रीतीने लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वी ऑल्टर आणि त्यांचे सहकारी रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या काविळीचा मागोवा घेत होते, तेव्हा १९७५ साली त्यांच्या ध्यानात आले की त्या रुग्णांपैकी बहुतेकांना ना ‘ए’ प्रकारचा विषाणू बाधला होता, ना ‘बी’ प्रकारचा. कारण अज्ञात होते, म्हणून रोगाला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असे नकारात्मक नाव पडले, आणि तेच पुढे चौदा वर्षे चालले. त्या अवधीत हा विषाणू कोणाला सूक्ष्मदर्शकाखाली निश्चितपणे दाखवता आला नाही, की कोणाला तो प्रयोगशाळेतील पेशींत वाढवता आला नाही. अखेर १९८९ साली मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी विषाणू पाहण्याचा नाद सोडून त्याच्या जनुकद्रव्यालाच हात घातला: बाधित चिंपांझीच्या रक्तद्रवातील जनुकद्रव्याचे असंख्य तुकडे करून त्यांपैकी कोणत्या तुकड्यापासून बनलेले प्रथिन रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे ओळखतात, हे त्यांनी अपार चिकाटीने धुंडाळले, आणि एक तुकडा हाती लागताच त्याच्या आधाराने पुढची सारी संहिता उलगडली. ऑल्टर, हॉटन आणि एकट्या या विषाणूच्या जनुकद्रव्यापासून रोग उद्भवतो हे सिद्ध करणारे चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या विषाणूची पहिली ओळखच त्याच्या अक्षरांवरून पटली, त्याचे पोटभेदही अक्षरांवरूनच ओळखले जावेत हे ओघानेच आले.

ही अक्षरे म्हणजे आरएनए या रेणूतील चार रासायनिक घटक. त्यांची सुमारे ९,६०० ची एक अखंड माळ म्हणजे या विषाणूची संपूर्ण जनुकसंहिता. यकृताच्या पेशीत शिरून तो या संहितेच्या नकला करवतो, आणि बाधित मनुष्याच्या देहात दर दिवशी निर्माण होणाऱ्या विषाणुकणांची संख्या अंदाजे एक लक्ष कोटीच्या घरात जाते. परंतु नकला करणारे त्याचे विकर आपले काम तपासून पाहत नाही, चूक झाली तर मागे फिरून दुरुस्त करीत नाही, आणि म्हणून प्रत्येक पिढीत नवनवे पाठभेद उत्पन्न होत राहतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी जी दृष्टी वापरली तीच येथे उपयोगी पडते: एका नकलनवीसाच्या हातून झालेली चूक त्या प्रतीवरून उतरलेल्या पुढील सर्व प्रतींत कायम राहते, आणि त्यामुळे कोणत्या पोथ्यांत कोणते पाठ समान आहेत हे पडताळून पाहिले की कोणती पोथी कोणत्या शाखेची, शारदा लिपीतल्या काश्मिरी परंपरेची की दक्षिणेकडची, हे मूळ लेखक वा लेखनिक डोळ्यांपुढे नसतानाही सांगता येते. विषाणूचे संशोधक हेच करतात. फरक इतकाच की त्यांच्या पोथ्या माणसांच्या रक्तात असतात आणि शाखांचा निवाडा चुकला तर त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात.

१९९० नंतरच्या तीन-चार वर्षांत देशोदेशींच्या रुग्णांतील विषाणूंच्या संहिता परस्परांशी ताडून पाहिल्या गेल्या, आणि एडिंबरो येथील पीटर सिमंड्स यांच्या पुढाकाराने त्यांची सहा प्रमुख कुळांत वाटणी मान्य झाली. या कुळांना जनुकप्रकार अथवा डॉक्टरांच्या तोंडी असलेल्या शब्दात ‘जीनोटाइप’ म्हणतात. दोन भिन्न जनुकप्रकारांत शंभरांतील तीस ते पस्तीस अक्षरे वेगळी असतात; एका जनुकप्रकारातील उपप्रकारांत, ज्यांना १अ, १ब, ३अ अशी नावे देतात, हे अंतर पंधरा ते पंचवीसपर्यंत असते. पहिला प्रकार जगात सर्वत्र आढळतो. दुसऱ्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत. पाचवा मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत. सहावा आग्नेय आशियात. आपल्या देशात तिसऱ्याचे प्राबल्य आहे, आणि दक्षिणेकडे पहिल्याचेही प्रमाण लक्षणीय आहे. चौथ्या प्रकाराची इजिप्तमधील कथा मात्र काळीज पिळवटून टाकणारी आहे: नाईलच्या पाण्यातून होणाऱ्या शिस्टोसोमा कृमींच्या रोगावर तेथील सरकारने गेल्या शतकाच्या मध्यापासून कित्येक दशके खेड्यापाड्यांत अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शने देण्याची मोहीम चालवली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया पुन:पुन्हा वापरल्या गेल्या, आणि एका रोगाचे निर्मूलन करण्याच्या सद्धेतूने निघालेल्या त्या मोहिमेबरोबर दुसरा रोग लाखो लोकांच्या रक्तात पोहोचला. एका देशात एकाच कुळाचा एवढा फैलाव का, याचे उत्तर विषाणूच्या वंशवृक्षात त्या मोहिमेच्या काळाशी जुळणाऱ्या फांद्यांवरून मिळाले.

आता परीक्षेकडे वळू. रक्ताची पहिली तपासणी होते ती प्रतिपिंडांची. ती एलायझा पद्धतीने किंवा बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर झटपट चाचणीने करता येते. ती विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच सांगते, कारण बाधा झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के लोक कोणत्याही औषधावाचून सहा महिन्यांच्या आत विषाणूमुक्त होतात आणि तरीही त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे राहतात. प्रतिपिंडांचा अहवाल हाती पडताच हताश झालेली माणसे आणि त्यांच्यापासून दूर सरकू लागणारे त्यांचे आप्त पाहिले, की ही साधी गोष्ट प्रत्येक अहवालावर ठळक अक्षरांत छापावी असे वाटल्यावाचून राहत नाही. विषाणू आज रक्तात आहे की नाही, याचा निकाल दुसरी तपासणी देते; तीत आरएनए शोधून त्याचे परिमाण मोजतात, आणि ‘व्हायरल लोड’ या नावाने ती सर्वत्र परिचित आहे. जनुकप्रकाराची परीक्षा तिसरी, आणि विषाणू पुरेशा संख्येने रक्तात असेल तरच ती यशस्वी होते.

तिच्यासाठी रक्त बहुधा जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात, म्हणजे ते गोठत नाही, आणि काही तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी आणि रक्तद्रव वेगळे करतात. ही घाई आवश्यक आहे, कारण आरएनए हा अतिशय अल्पजीवी रेणू असून त्याचा फडशा पाडणारी विकरे रक्तपेशींत असतात, आपल्या त्वचेवर असतात, धुळीत असतात. तंत्रज्ञाने हातमोजे न घालता नळीला केलेला स्पर्शही पुरावा नष्ट करण्यास पुरेसा होऊ शकतो. रक्तद्रव पुढे दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे, तर ते गोठवून आणि वाटेत वितळू न देता पाठवावे लागते. आणि आपल्या उन्हाळ्यात, तालुक्याच्या गावाहून निघालेला डबा जिल्ह्याला, आणि तेथून पुण्या-मुंबईला थंड स्थितीत पोहोचावा, ही सांगायला सोपी वाटणारी गोष्ट करायला किती अवघड आहे हे त्या कामावरील माणसेच जाणतात. प्रयोगशाळेत नमुन्यातून आरएनए विलग करतात, त्याची डीएनएच्या रूपात नक्कल करतात, आणि मग पीसीआरच्या यंत्रात नमुना तापवून, थंड करून, पुन्हा तापवून हव्या त्या भागाच्या प्रती दर फेरीत दुप्पट करीत जातात. एका प्रतीपासून आरंभ केला, तरी तीस फेऱ्यांनंतर शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात.

या शक्तीतच या तंत्राचा धोकाही दडलेला आहे. आदल्या दिवशीच्या नमुन्याच्या अब्जावधी प्रतींतील एखादीच प्रत हवेतून वा नळीच्या टोकावरून आजच्या नमुन्यात पडली, तरी यंत्र तिचेही तितक्याच निष्ठेने गुणन करते, आणि निरोगी मनुष्य रोगी ठरतो किंवा एकाचे कूळ दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून नीट चालवलेल्या प्रयोगशाळेत नमुना तयार करण्याची खोली आणि प्रती वाढवल्यानंतरची खोली यांत कडक सोवळे पाळलेले असते. माणसे, अंगावरचे कोट, पिपेट, कचऱ्याचे डबे, काहीही दुसऱ्या खोलीतून पहिलीकडे परत जाता कामा नये असा शिरस्ता असतो, आणि प्रत्येक वेळी खऱ्या नमुन्यांसोबत नुसत्या पाण्याचाही एक नमुना चालवतात, कारण त्या पाण्यात विषाणू सापडला तर त्या दिवसाचे सारे निकाल रद्द करावे लागतात. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या एका ओळीमागे ही एवढी सचोटी उभी असते, आणि जेथे ती नसते तेथे ती एक ओळ सर्वस्वी व्यर्थ होय.

प्रती तयार झाल्यावर त्या कोणत्या कुळाच्या हे ओळखण्याच्या पद्धती अनेक झाल्या, परंतु दीर्घकाळ जगभर वापरली गेली ती पट्टीची चाचणी. बेल्जियममधील संशोधकांनी १९९३ च्या सुमारास ती सिद्ध केली. एका अरुंद पट्टीवर प्रत्येक जनुकप्रकाराच्या विशिष्ट अक्षरांना नेमके जुळणारे छोटे डीएनए-खंड आडव्या रेघांत बसवलेले असतात. नमुन्यातील प्रती त्या पट्टीवरून सोडल्या की त्या आपापल्या जोडीदार खंडालाच चिकटतात, आणि रंगद्रव्य टाकल्यावर तेवढ्याच रेघा जांभळट तपकिरी उमटतात. कोणत्या रेघा उमटल्या हे कोष्टकाशी ताडून पाहिले की जनुकप्रकार कळतो. पुढे यंत्रातच, प्रती वाढत असताना चमकणाऱ्या प्रोबांच्या साह्याने प्रकार ओळखणाऱ्या चाचण्या निघाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जनुकप्रकाराच्या चाचणीला पहिल्यांदा मान्यता दिली ती अशाच एका चाचणीला, २०१३ साली.

पट्टीच्या चाचणीत एक मूलभूत अडचण होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. संहितेच्या अगदी आरंभी सुमारे ३४० अक्षरांचा एक भाग असा आहे की त्यापासून प्रथिन बनत नाही, परंतु त्याच्या विशिष्ट घडणीवाचून विषाणूचे कार्यच सुरू होत नाही. त्यामुळे तेथे झालेली चूक विषाणूला बहुधा घातक ठरते, आणि सर्व कुळांत तो भाग जवळजवळ एकसारखा राहिला आहे. विषाणू शोधायचा तर हाच भाग सर्वांत सोयीचा, कारण कोणतेही कूळ त्याच्या जाळ्यातून निसटत नाही. कुळे वेगळी ओळखायची तर मात्र हाच भाग सर्वांत अपुरा. आग्नेय आशियातील सहाव्या प्रकाराचे कित्येक उपप्रकार या भागात पहिल्या प्रकाराशी तंतोतंत जुळतात, आणि म्हणून आरंभीच्या पट्ट्यांवर त्यांची गणना पहिल्यातच होई. १अ आणि १ब यांचीही अदलाबदल होई. पुढील आवृत्तीत विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाचा भागही पट्टीवर घेतला गेला, तेव्हा हे दोष पुष्कळ कमी झाले.

परंतु विषाणूने याहून मोठा पेच टाकला. २००२ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील रुग्णांत असा एक विषाणू आढळला की ज्याच्या संहितेचा पूर्वार्ध दुसऱ्या प्रकाराच्या ‘के’ उपप्रकाराचा आणि उत्तरार्ध १ब चा होता. एकाच देहात दोन कुळांची बाधा होऊन कधी तरी, कोठे तरी हा संकर झाला असला पाहिजे. आरंभीचा भाग तपासणारी चाचणी त्याला निःसंदिग्धपणे ‘दोन’ म्हणणार. परंतु आधुनिक औषधे ज्या प्रथिनांवर आघात करतात ती सारी उत्तरार्धात आहेत, आणि तेथे तो ‘एक’ आहे. जॉर्जिया देशाने २०१५ साली या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली, तेव्हा तेथे ‘दोन’ म्हणून नोंदलेल्या रुग्णांपैकी मोठा हिस्सा या संकर विषाणूचा निघाला, आणि दुसऱ्या प्रकारासाठी पुरेसे मानलेले उपचार त्यांतील अनेकांना अपुरे पडले. आकडा बरोबर होता. तो संहितेच्या ज्या भागावरून काढला होता तो भाग मात्र उपचाराच्या दृष्टीने अप्रस्तुत होता. माझ्या मते या परीक्षेच्या सबंध इतिहासात याहून शिकवणारा प्रसंग नाही.

अशा प्रसंगी एकच मार्ग निर्णायक ठरतो, तो म्हणजे अक्षरे प्रत्यक्ष वाचणे. संहितेच्या उत्तरार्धात, नकला करणाऱ्या विकराच्या जनुकातील तीन-चारशे अक्षरांचा उतारा वाचून जगभरच्या संग्रहांशी ताडला की जनुकप्रकारच नव्हे तर उपप्रकारही खात्रीने सांगता येतो. आणि अलीकडच्या यंत्रांनी तर संपूर्ण संहिताच एका दमात वाचता येऊ लागली आहे. पट्टी फक्त तिच्यावर आधी बसवलेल्या कुळांविषयी बोलू शकते. वाचनाला अज्ञात कूळही सापडते. काँगोमधून आलेल्या रुग्णामुळे सातवे कूळ असेच उजेडात आले. २०१८ साली जाहीर झालेल्या आठव्याशी तर आपला निकटचा संबंध आहे: कॅनडात उपचार घेणारे चार रुग्ण, परस्परांशी कोणताही संपर्क नसलेले, परंतु चौघेही मूळचे आपल्या पंजाबातील. त्यांच्या विषाणूची संहिता ज्ञात सर्व कुळांपासून तीस टक्क्यांहून अधिक भिन्न निघाली. हे कूळ बहुधा भारतातले असावे आणि त्याची ओळख कॅनडातल्या रुग्णांवरून पटावी, ही गोष्ट आपल्या संशोधनसंस्थांनी मनावर घेण्याजोगी आहे.

दरम्यान उपचारांचे जग पार पालटले. पूर्वीचे उपचार म्हणजे आठवड्याला इंटरफेरॉनचे एक इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. ताप, अंगदुखी, रक्तपेशींची घट, केस गळणे आणि कित्येकांना आत्महत्येच्या विचारापर्यंत नेणारी खिन्नता, असा त्यांचा जाच असे, आणि असा जाच सहा महिने सोसायचा की वर्षभर, हे जनुकप्रकार ठरवी. पुढे विषाणूच्याच प्रथिनांवर नेमका घाव घालणारी औषधे आली. २०११ सालची पहिली दोन औषधे केवळ पहिल्या प्रकारासाठी होती, म्हणून परीक्षेचे महत्त्व उलट वाढले. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर मान्य झाले आणि चित्र बदलू लागले, कारण ते नकला करणाऱ्या विकराच्या ज्या गाभ्यात बसते तो सर्व कुळांत सारखाच असतो. अमेरिकेत त्याच्या बारा आठवड्यांच्या उपचारांची किंमत ८४,००० डॉलर ठेवण्यात आली होती. २०१४ साली मूळ कंपनीने भारतातील सात औषधनिर्मात्यांना परवाने दिले, आणि त्यांच्या परस्पर स्पर्धेमुळे आपल्याकडे ती किंमत झपाट्याने उतरत गेली. २०१६ साली सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटास्व्हिर यांची जोडगोळी सर्व सहा प्रकारांसाठी मान्य झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रौढ रुग्णांसाठी अशा सर्वप्रकारव्यापी औषधांची शिफारस केली. त्याच वर्षी २८ जुलैला आपल्या सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. सिरोसिस, म्हणजे व्रणांनी यकृत निबर होण्याची अवस्था, न आलेल्या रुग्णाला त्यात सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटास्व्हिर बारा आठवडे विनामूल्य मिळतात, आणि जनुकप्रकार कळेपर्यंत त्यासाठी थांबावे लागत नाही.

ही सक्ती उठली याचा मला निर्भेळ आनंद आहे. औषध स्वस्त होत गेले तसतसा एकूण खर्चात तपासण्यांचाच वाटा मोठा होत चालला होता. आणि पैशापेक्षाही वेळेचा प्रश्न कठीण होता. पहिल्या तपासणीला आलेला शेतमजूर दुसरीला येतो, तिसरीसाठी मजुरी बुडवून पुन्हा जिल्ह्याला येण्याचे त्याला जमत नाही, आणि उपचारांच्या यादीतून त्याचे नाव हलकेच गळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे पाच कोटी लोक या दीर्घकालीन बाधेने ग्रस्त होते आणि त्यांपैकी सुमारे पंचावन्न लाख भारतात. यांतील बहुसंख्यांना आपल्याला बाधा आहे हेच ठाऊक नाही. अशा वेळी उपलब्ध मनुष्यबळ आणि द्रव्य पहिल्या दोन तपासण्या गावोगाव पोहोचवण्यात खर्ची पडावे हेच न्याय्य होय. गोव्यातील वेर्णा येथील मोलबायो कंपनीचे, विजेरीवर चालणारे ट्रूनॅटसारखे लहान यंत्र रक्तातील विषाणूचे परिमाण प्राथमिक आरोग्य केंद्रातच मोजू शकते, आणि नमुना वाहून नेण्याचा मघाशी सांगितलेला सारा द्राविडी प्राणायाम वाचवते.

तथापि या आनंदात प्रयोगशाळांनी कुलपे लावावीत असे मात्र मुळीच नाही, आणि भारतात तर नाहीच, कारण आपल्याकडे ज्या तिसऱ्या प्रकाराचे प्राबल्य आहे तोच नव्या औषधांना सर्वांत चिवट ठरला आहे. पूर्वी दोन आणि तीन यांना एकत्र, सोपे म्हणून गणत. आज तो समज राहिलेला नाही. तिसरा प्रकार यकृतात चरबी साठवतो आणि सिरोसिसकडे लवकर नेतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या प्रकाराच्या रुग्णांना सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटास्व्हिर बारा आठवडे दिले असता सिरोसिस नसलेल्यांपैकी ९६ टक्के बरे झाले, परंतु सिरोसिस असलेल्यांपैकी केवळ ६३ टक्के. राष्ट्रीय कार्यक्रमात सिरोसिसच्या रुग्णांसाठी वेल्पाटास्व्हिरची योजना आहे, आणि यकृत फारच बिघडले असल्यास रिबाव्हिरिनची भर अथवा दुप्पट मुदत, ती याच जातीच्या अनुभवातून. डाक्लाटास्व्हिर, वेल्पाटास्व्हिर ही औषधे ज्या प्रथिनावर काम करतात, त्याच्या ९३ व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल बदलले की तिसऱ्या प्रकारात त्यांचा प्रभाव मोठ्या प्रमाणात घटतो. आणि आपल्याकडे व चीनमध्ये आढळणाऱ्या ३ब या उपप्रकारात तर त्याच प्रथिनातील ३० व्या आणि ३१ व्या स्थानांवर औषधाला दाद न देणारे बदल जन्मतःच असतात. रवांडातील ४आर उपप्रकाराचीही अशीच तऱ्हा आहे. औषधे ज्या चाचण्यांवरून मान्य झाली त्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतील रुग्णांवर झाल्या, आणि हे उपप्रकार तेथे विरळा. त्यामुळे ‘सर्वप्रकारव्यापी’ हे विशेषण ज्यांच्यावर अजमावले गेले ते विषाणू आणि आपल्या रुग्णांच्या रक्तातील विषाणू एकच आहेत, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून मला योग्य वाटते ती व्यवस्था अशी की उपचार ताबडतोब सुरू व्हावेत, परंतु पहिल्या गोळीपूर्वी घेतलेल्या रक्तद्रवाचा थोडा अंश उणे सत्तर अंशांत जपून ठेवावा. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणू पुन्हा शोधतात, आणि तो न आढळला तर रुग्ण बरा झाला असे धरतात. शंभरांतील नव्वदांहून अधिकांच्या बाबतीत तो आढळत नाही आणि राखून ठेवलेल्या नमुन्याची गरजही पडत नाही. राहिलेल्या थोड्यांच्या बाबतीत मात्र दोन प्रश्न उद्भवतात, आणि त्यांची उत्तरे अक्षरे वाचल्यावाचून मिळत नाहीत. जुनाच विषाणू औषधाला पुरून उरला, की डायलिसिसच्या वा रक्त घेण्याच्या निमित्ताने, किंवा कोणाची सुई वापरल्याने नवा विषाणू शिरला? पहिले असेल तर औषध बदलावे लागते, आणि प्रथिनातील कोणते बदल झाले आहेत हे पाहून तिसऱ्या औषधाची भर घालावी लागते. दुसरे असेल तर तीच औषधे पुन्हा पुरेशी होतात, परंतु त्या डायलिसिस केंद्राची किंवा रक्तपेढीची चौकशी तातडीने करावी लागते, कारण तेथे आणखी किती जण बाधित होत आहेत कोण जाणे. दोन्ही नमुन्यांच्या संहिता शेजारी ठेवल्या की बहुधा निवाडा होतो. जुना नमुनाच नसेल तर तो कायमचा अनिर्णित राहतो. वारंवार रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची मुले आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे रुग्ण यांच्या बाबतीत तरी ही तजवीज प्रत्येक जिल्ह्यात व्हावी. ज्यांनी पूर्वी कधी जनुकप्रकाराची तपासणी करवली असेल त्यांनी तो कागद, बरे झाल्यानंतरही, तारखेसह आणि चाचणीच्या पद्धतीच्या उल्लेखासह जपून ठेवावा, आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावा.